कोऱ्या जागेवरची रेघ

भिमाबाईनं बँकेच्या स्लिपवर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरपी रेघ ओढली, तेव्हा खिडकीपलीकडच्या कॅशिअरनं हातातलं पेन खाली ठेवलं.

"बाई, हे काय केलं?"

"कोरी जागा होती. बंद केली."

"ती आमच्या शिक्क्याची जागा आहे."

"मंग आधी शिक्का मारा. मी मागून रेघ मारतो."

रांगेत मागे उभ्या असलेल्या अदीबानं ओढणी तोंडाशी नेली. त्या आठवड्यातली ही चौथी तक्रार. सावरटेकच्या बायांनी रेशनच्या पावतीवर रेघ मारली होती, शाळेच्या सहलीच्या संमतीपत्रावर मारली होती. एकीनं तर लग्नपत्रिकेची मागची कोरी बाजू रेघ मारून बंद केली आणि पत्रिका देणाऱ्या सोयऱ्यालाच ती परत केली. सोयरा अजून रुसलेला होता.

या सगळ्याचं मूळ अदीबात होतं. ती तेवीस वर्षांची, धामणगाव बढ्याच्या शकील टेलरची मुलगी. बी.ए. झाल्यावर ती फेलोशिपला लागली. जिल्ह्यातले अठरा तरुण वर्षभर एकेका वस्तीत काम करायचे, महिन्यातून तीन दिवस मोताळ्याला प्रशिक्षणाला जमायचे. शिकवायच्या महामायाताई. वीस वर्षं मजुरांच्या संघटनेत काढलेली बाई, बोलणं चुन्यासारखं झोंबणारं.

पहिल्याच दिवशी ताईंनी विचारलं होतं, "तुमच्यात भाषण चांगलं कोण करते?"

अदीबानं हात वर केला. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धांच्या चार ढाली घरी शिलाई मशिनीच्या वरच्या फळीवर मांडलेल्या होत्या.

"मंग तुलेच जड जाईल," ताई म्हणाल्या. "वस्तीच्या सभेत फेलोनं तोंड उघडायचं नाही. ज्या दिवशी बाया तुझ्याबिगर बोलतीन, त्या दिवशी तू पास."

अदीबाला वाटलं, बोलता येणाऱ्यानंच बोलू नये हा कुठला न्याय. पण ती सावरटेकला आली. गावाबाहेर बौद्ध वस्ती, त्रेचाळीस घरं, आणि वस्तीला लागून नऊ एकर ई-क्लास. सरकारी चराऊ रान. निम्म्या वस्तीच्या शेळ्या त्यावर जगत होत्या. भिमाबाईच्या सहा होत्या.

जुलैत त्या रानात चुन्याच्या खुणा पडल्या. चौकशी केली तर कळलं की जागा गोदामासाठी द्यायचा ठराव एक मेच्या ग्रामसभेत झाला आहे, आणि तोही सर्वानुमते. भिमाबाई म्हणाली, असा विषयच निघाला नव्हता. अदीबानं माहितीच्या अधिकारात नक्कल मागवली. पंचायतीच्या प्रोसिडिंग रजिस्टरचं ते पान आलं. वर सहा ठराव एका हातानं, ऐसपैस अक्षरात. मग सातवा, दाटीवाटीनं कोंबलेला, शेवटची ओळ खालच्या अंगठ्यांना टेकलेली. त्या अंगठ्यांत पहिला भिमाबाईचा.

"अंगठा माह्याच हाय," भिमाबाई पान जवळ धरून म्हणाली. तिला अक्षर येत नव्हतं, पण आपला अंगठा ती ओळखत होती. "तवा वर एवढी जागा कोरी होती. ग्रामसेवक कुलदीप साहेब म्हने, मागून लिहितो, तुम्ही चहा घ्या."

"म्हणजे तुम्ही चहा प्यायलात आणि रान गेलं," अदीबा म्हणाली.

"चहा बी पानचट होता बापा."

त्या दिवसापासून अदीबानं वस्तीत एकच गोष्ट शिकवली. वाचता येत नसेल तर नसू दे. सही किंवा अंगठ्याच्या वर कोरी जागा दिसली की आधी तिरपी रेघ मारायची, मग अंगठा. पेन कसं धरायचं इथपासून सुरुवात. समाजमंदिराच्या फरशीवर बाया जुन्या वह्यांत रेघा ओढत बसायच्या. भिमाबाईची रेघ पहिले पंधरा दिवस नांगराच्या तासासारखी वाकडी जायची. मग सरळ झाली, आणि मग थांबेचना.

बँकेतला प्रकार अदीबानं ताईंना सांगितला तेव्हा ताई हसल्या नाहीत. "चालते," म्हणाल्या. "हात बसून राह्यला."

सातव्या ठरावाविरुद्ध वस्तीनं केलेल्या तक्रारीमुळे तहसीलनं जागेचा विषय पुन्हा ग्रामसभेपुढे ठेवायला लावला. तारीख पडली दोन ऑक्टोबर. सोयाबीनच्या सोंगणीचे, कापणीचे दिवस. बायांना शेतातून काढणं म्हणजे मजुरी आणि शेतमालकाची मर्जी दोन्ही बुडवणं. तरी साडेदहाला वस्तीतून एकोणचाळीस बाया निघाल्या, काहींच्या कमरेला विळे तसेच. सभा उरकली की थेट शेतात जायचं होतं.

पंचायतीच्या सभागृहात टेबलामागे सरपंच रुखमाबाई बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी, म्हणजे खरं तर मधोमध, त्यांचे यजमान भगवंतराव. ते कुठल्याच पदावर नव्हते. गोदाम त्यांच्या साळ्याचं व्हायचं होतं. कडेला ग्रामसेवक कुलदीप, पुढ्यात रजिस्टर.

भगवंतरावांची नजर आधी अदीबावर गेली.

"ही कोन? गावची मतदार हाय का?"

"धामणगावची हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

"मंग धामणगावच्या ग्रामसभेत बस म्हना. तिथं काय शिलाई बंद पडली का?"

दोन-चार जण हसले. अदीबा उठली. मतदार नसलेल्यानं मत द्यायचं नाही, हे तिला मान्य होतं. पण नुसतं ऐकायला बसलं तर कोणत्या नियमानं उठवता, हा प्रश्न तिच्या ओठांवर पूर्ण वाक्य होऊन आला होता. स्पर्धेत असं वाक्य आलं की समोरच्याचा चेहरा पडायचा. तिनं भिमाबाईकडे पाहिलं. भिमाबाईनं हाताचा पंजा जमिनीला समांतर हलवला, अंगणातली कोंबडी हाकलतात तसा. जा बाहेर.

अदीबा बाहेर गेली आणि पाण्याच्या टाकीजवळच्या खिडकीचे गज धरून उभी राहिली. वाक्य तसंच तोंडात राहिलं.

आत विषय निघाला. भगवंतरावांनी गोदामाचे फायदे सांगितले, गावात रोजगार येईल म्हणाले.

"शेळ्याईले बी लावता का कामावर?" भिमाबाईनं विचारलं.

या वेळी हसणारे जास्त होते. वस्तीपलीकडचेही. रानात गावातल्याही गायी जात होत्या, हे बायांनी महिनाभर घरोघर जाऊन ध्यानात आणून दिलं होतं. हात वर झाले. कुलदीपनं मोजले, मग भिमाबाईनं मोठ्यानं मोजायला लावले. बाजूनं चौदा, विरोधात एकसष्ट.

"झालं तं मंग," भगवंतराव म्हणाले. आवाज शांत होता. "लोकशाही हाय. कुलदीप, फिरव रजिस्टर. आणि चहा आना रे."

रजिस्टर खाली सतरंजीवर आलं. अदीबाला खिडकीतून पान दिसत होतं. वर तीन ठराव लिहिलेले. खाली चौथ्याचा नुसता आकडा, त्याला कंस, आणि खाली वीतभर कोरी जागा.

"चौथा लिहिला नाही," भिमाबाई म्हणाली.

"लिहितो ना मागून, शुद्ध भाषेत. तुम्ही अंगठे करून घ्या. सोंगणी हाय ना तुमची?"

भिमाबाईनं पेन मागितलं. कुलदीपनं शाईचं पॅड पुढे केलं. तिनं ते बाजूला सारलं, शेजारणीच्या पोलक्यात खोचलेलं पेन काढलं, आणि एका हाताच्या पंजानं पान दाबून धरत चौथ्या आकड्यापासून तळापर्यंत रेघ ओढली. सरळ. मग तळाशी अंगठा केला.

कुलदीप खुर्चीवरून उठला. "सरकारी रजिस्टर हाय ते. गुन्हा दाखल होईल तुमच्यावर."

"होऊ द्या. रेघ माही, अंगठा बी माह्या. पोलिसाले दुसरी बाई धुंडा लागनार नाही."

भगवंतराव मात्र उठले नाहीत. त्यांनी रजिस्टर जवळ ओढलं, पाहिलं, आणि मिशीतल्या मिशीत हसले. "बरं केलं बाई. गोदामाचा ठराव तुम्ही बंद केला. पन तुमचा विरोध बी त्याच जागेत लिहायचा होता. आता तो कुठं लिहायचा? तहसीलले जाईल की चौथ्या विषयावर काहीच ठरलं नाही. मंग पुढच्या सभेले पाहू. त्या दिवशी काय तुम्ही एवढ्या येता?"

खिडकीत अदीबाला आपली चूक दिसली. तीन महिने तिनं रेघ शिकवली होती. खोटं कसं थांबवायचं ते शिकवलं होतं. खरं कसं लिहून घ्यायचं, ते शिकवायचं राहिलं होतं. उत्तर सोपं होतं, चार शब्दांचं. गजातून तोंड घालून सांगितलं असतं तर भिमाबाईला ऐकू गेलं असतं. सांगितलं असतं तर भगवंतराव म्हणाले असते, पाहा, बायांना हीच नाचवते, आणि ते खोटं ठरवता आलं नसतं. तिनं गज इतका घट्ट धरला की गंजाचे कण तळव्याला चिकटले.

भिमाबाईनं आपल्या रेघेवरून बोट फिरवलं. मग तिनं रजिस्टर हातात घेतलं, पान उलटलं आणि परत टेबलावर ठेवलं.

"हे पान कोनाचं हाय?"

कुलदीपनं मान पुढे करून पाहिलं.

"कोरं हाय ना? मंग लिहा. आमच्यासमोर." तिनं कमरेचा विळा काढून सतरंजीवर ठेवला आणि मांडी घातली. पाठोपाठ अडतीस विळे नाही, पण डझनभर तरी खाली ठेवल्याचा आवाज आला. "सोयाबीन उभं हाय तं राहू द्या. आम्ही बसलो."

चहा आला. कुणी घेतला नाही. अर्ध्या तासानं कुलदीपनं पेन उघडलं आणि चौथा ठराव लिहिला.

"वाचा," भिमाबाई म्हणाली.

"वाचून काय, तुम्हाले समजनार..."

"तुम्ही नोका वाचू. सरपंचबाई वाचतीन. सरपंच त्या हायेत ना?"

"तिले काय विचारता?" भगवंतराव म्हणाले.

रुखमाबाई सातवी शिकलेल्या होत्या. साडेतीन वर्षं त्या फक्त सही करत आल्या होत्या, तीही नवऱ्याच्या बोटाखालच्या जागेवर. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा पुढ्यात मांडी घालून बसलेल्या बायांकडे. मग चष्मा पदरानं पुसला, आणि शाळेतल्या मुलीसारखं एकेक शब्द सोडवत वाचलं. "सदर जागेबाबत सभेत सविस्तर चर्चा करण्यात आली."

"पुढं?"

"पुढं काही नाही."

"चर्चा नाही केली आम्ही," भिमाबाई म्हणाली. "आम्ही नाही म्हटलं. नाही लिहा. किती जनाईनं म्हटलं ते बी लिहा."

कुलदीपनं भगवंतरावांकडे पाहिलं. भगवंतराव खिडकीकडे पाहत होते. खिडकीत अदीबा उभी होती आणि तिचे ओठ मिटलेले होते. बायांना हीच नाचवते, असं म्हणायला त्यांना जागा उरली नाही. कुलदीपनं लिहिलं. रुखमाबाईंनी पुन्हा वाचलं, या वेळी जरा मोठ्यानं. "एकसष्ट विरुद्ध चौदा मतांनी जागा देण्याचा प्रस्ताव नामंजूर." मग भिमाबाईनं खाली अंगठा करायच्या आधी उरलेल्या दोन बोटं जागेतही रेघ मारली.

बाया विळे उचलून शेताकडे निघाल्या. भिमाबाई खिडकीपाशी थांबली.

"तोंड दुखून राह्यलं असंल तुझं," ती म्हणाली.

"खूप, मावशी."

"दुखू दे. पेन दे तुझं. हे त्या बाईले परत करा लागते, मले आता सवय लागली."

गुन्हा दाखल झाला नाही. नोटीस मात्र आली, रजिस्टर खराब केल्याबद्दल खुलासा करा म्हणून. भिमाबाईनं ती समाजमंदिरात सगळ्यांसमोर वाचून घेतली. खुलाशाचा मजकूर बायांनी सांगितला, अदीबानं नुसता लिहिला. तो एका ओळीचा होता. कोरी जागा दिसली तर पुन्हा रेघ मारू.

महिन्याअखेरीला मोताळ्याला प्रशिक्षणात फेलोशिपचा छापील अहवाल भरायचा होता. शेवटच्या पानावर अर्ध्या पानाची चौकट होती. या यशात तुमच्या नेतृत्वाची भूमिका. इतर सतरा जण माना खाली घालून लिहीत होते. अदीबाच्या डोक्यात एक चांगलं भाषण तयार होतं. तिनं पेन उचललं आणि चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून खालच्या कोपऱ्यात रेघ ओढली. खाली सही केली.

महामायाताईंनी पान हातात घेतलं, चष्मा वर सरकवला.

"ऑफिसवाले विचारतीन," त्या म्हणाल्या.

"विचारू द्या."

"नुसती कोरी ठेवली असती तं काय झालं असतं?"

"मागून कुणीतरी भरली असती, ताई."

ताईंनी पान गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवलं.