लाल शिक्का

लेई मानयिंगचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला माझी उगाच दया यायला नको.

आम्ही दोघं लोयांग शहरातलेच. एका वर्गात शिकलो आणि इतिहासाचं वेडही एकाच माणसाने लावलं, फांग सरांनी. अकरा वर्षांपूर्वी एकाच महिन्यात दोघांनी इतिहासाचे पॉडकास्ट सुरू केले. आज तिचे श्रोते दोन लाख दहा हजार आहेत. माझे सहाशे चाळीस, आणि त्यांतले निम्मे बायकोच्या माहेरचे. मी ग्रंथ चाळतो, शिलालेखांचे ठसे तपासतो, सालं जुळवतो. बाईसाहेब मात्र तांग राजांच्या काळातल्या धान्याच्या कोठारावरचा कुणी कारकून उचलतात, त्याला थंडी वाजवतात, भूक लावतात, आणि दोन लाख माणसं डोळे पुसतात. सालं तर ती सर्रास चुकवते! चुकली की मी माझ्या खात्यावर लिहितो. कुणीतरी लिहायलाच हवं.

या वसंतात फांग सरांना ऐंशीवं लागलं. वाढदिवसाच्या जेवणात जुन्या विद्यार्थ्यांच्या वतीने चार शब्द कुणी बोलायचे, यावर आमच्या वर्गाच्या ग्रुपवर आठवडाभर काथ्याकूट चालला होता. अर्धे म्हणत मानयिंग, बाकीचे म्हणत, आपल्याला काय, जेवण कुठे आहे? मला ते बोलणं हवं होतं. अकरा वर्षांत सर माझ्या प्रत्येक भागाखाली एकच शब्द लिहीत आले, ‘ऐकलं’. तिच्या भागांखाली परिच्छेदच्या परिच्छेद. एकदा तरी सरांसमोर उभं राहून मला असं बोलायचं होतं की त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघावं.

शेवटी आमच्या मॉनिटरने तोडगा काढला. चाळीस वर्षांपूर्वी तो वर्गाचा मॉनिटर होता, अजून स्वतःला तसंच समजतो.

“ते नवं खूळ आलंय ना,” त्याने लिहिलं, “खात्याचं नाव टाकलं की मशीन सगळं वाचून माणसाचा स्वभाव सांगतं. पूर्वजन्म पण सांगतं. मिंगयुआन, मानयिंग, दोघांनी आपापली पत्रिका इथे टाका. ज्याची भारी, तो बोलणार.”

“चालेल,” मानयिंगने लिहिलं. “माझा पूर्वजन्म स्वयंपाकिणीचा निघाला तर कुणी हसायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या दुकानात बीफचं सूप पीत बसलो होतो. एका हातात रोटी, दुसऱ्यात फोन. मी माझ्या नावाची, लोउ मिंग युआनची, आद्याक्षरं दाबली, ल, म, य, वर आलेल्या पहिल्या नावाला अंगठा लावला आणि रोटीचा तुकडा मोडला. तोवर पत्रिका तयार.

वाचलं आणि घास हातातच राहिला.

“तुम्ही मेलेल्या माणसांबद्दल असं बोलता, जणू ती शेजारी राहतात आणि कालच वाटीभर मीठ मागून गेली. राजाने काय केलं यापेक्षा त्या दिवशी पहारेकरी जेवला होता का, हे तुम्ही आधी विचारता. सालांशी तुमचं भांडण आहे, माणसांशी नाही. दोष: स्वतःच्या विनोदाला स्वतःच आधी हसता. पूर्वजन्म: दरबार सोडून पळालेला आणि चहाच्या दुकानात रमलेला लेखनिक.”

खाली लाल शिक्का. नाव फक्त त्या शिक्क्यात, जुन्या वळणदार लिपीत.

खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. सालांशी भांडण? तेच तर, सालांसाठी मी सगळ्यांशी भांडतो! विनोदाला हसतो? मनातल्या मनात हसत असेन. पहारेकऱ्याच्या जेवणाचं मी कधी विचारलं ते आठवेना, पण मनात असणारच. कुणीतरी मला ओळखलं होतं.

मी पत्रिका ग्रुपवर टाकली आणि वर लिहिलं, “अक्षर न् अक्षर खरं. अकरा वर्षं ऐकताय, पण तुम्हाला जे कळलं नाही ते एका मशीनला कळलं.”

लगेच मॉनिटर: “मिंगयुआन, हे तू मनापासून लिहितोयस?”

“छातीवर हात ठेवून,” मी लिहिलं, आणि वाडगा घेऊन रश्शाच्या रांगेत उभा राहिलो. आमच्याकडे वरचा रस्सा फुकट मिळतो, तो सोडून कुणी उठत नाही.

परत येऊन बघतो तर ग्रुपवर सरांचा व्हॉइस मेसेज आला होता. ‘ऐकलं’ सोडून दुसरा शब्द मला त्यांच्याकडून पहिल्यांदाच मिळत होता. घाईघाईने फोन कानाला लावला.

“शिक्का वाच,” सर म्हणाले.

मी पत्रिका मोठी करून पाहिली. या लिपीतल्या शिक्क्यांवर मी सव्वा तासाचा भाग केलाय. पहिलं अक्षर, वर पावसाची खूण आणि खाली शेताची. लेई. लेई मानयिंग.

ल, म, य. तिच्या नावाची आद्याक्षरंही तीच. आणि फोन काय करतो, तर जे नाव तुम्ही सगळ्यात जास्त वेळा लिहिलंत ते सगळ्यात आधी पुढे करतो.

पाठवलेलं परत घ्यायला दोनच मिनिटं मिळतात. ती मी रश्शाच्या रांगेत घालवली होती.

“आयत्या बिळावर नागोबा!” कुणीतरी लिहिलं. मग हसऱ्या चेहऱ्यांचा पूर आला. मग मानयिंग.

“धन्यवाद, मिंगयुआन. तुझ्याकडून एका चांगल्या शब्दाची अकरा वर्षं वाट पाहत होते. अकराच ना? साल चुकलं असेल तर सांग.”

कान तापले. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. पण राग कुणावर काढायचा? तिच्याबद्दल लिहिलेलं प्रत्येक वाक्य मी माझं म्हणून कवटाळलं होतं, छातीवर हात ठेवून.

सूप निवलं. मी या वेळी माझं नाव एकेक अक्षर तपासत टाकलं.

“तुमच्या खात्यावर चारशे बारा नोंदी आहेत,” मशीनने लिहिलं. “पैकी तीनशे एकाच बाईंबद्दल. त्यांचा प्रत्येक भाग तुम्ही तासाभरात ऐकता. इतका निष्ठावान श्रोता विरळा. पूर्वजन्म: राणीच्या मागे वही घेऊन चालणारा नोंदनीस. विनंती: कधीतरी स्वतःचंही काही सांगा.”

ती पत्रिका मी कुणाला दाखवली नाही.

रविवारी सरांच्या जेवणात मानयिंग बोलली. सर पहिल्या दिवशी वर्गात आले तेव्हा त्यांच्या एकाच बुटाला नाडी होती आणि दुसऱ्याला सुतळी, एवढ्यावर ती दहा मिनिटं बोलली. अख्खं दालन रडलं. त्याच वर्गात, त्याच बाकांवर मीही होतो. मला सर शाळेत रुजू झाल्याची तारीख आठवत होती, सुतळी नाही. ते साल तिने दोन वर्षांनी चुकवलं आणि माझा हात आपोआप खिशातल्या फोनकडे गेला. तिच्यापेक्षा चांगलं मला बोलता आलं नसतं. हे कळत होतं, म्हणून जास्तच जळत होतो.

मग दीर्घायुष्याच्या लांब शेवया आल्या. सर आपला वाडगा घेऊन हळूहळू माझ्या टेबलाशी येऊन बसले.

“तुझी पत्रिका काढलीस का नंतर?”

“काढली, सर.”

“दाखव.”

नाही म्हणायची सोय नव्हती. सरांनी चष्मा लावला. वरून खालपर्यंत सगळं वाचलं, सावकाश, जसे ते आमचे पेपर तपासायचे. मग बोट खाली सरकलं आणि शिक्क्यावर थांबलं. एकेक अक्षर त्यांनी मोठ्याने वाचलं.

“लोउ. मिंग. युआन.”

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“हा मात्र तुझाच आहे,” सर म्हणाले, आणि शेवया खायला लागले.