लहान मापाच्या बांगड्या

आटी महिन्यात, म्हणजे भर पावसाळ्यात, आमच्याकडे जिवंत माणसांची लग्नं होत नाहीत. मेलेल्यांची होतात.

वारिजाअक्काचं लग्न त्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी ठरलं. मुलाकडचे लोक नदीपलीकडचे. त्यांचा यतीश बाविसाव्या वर्षी विजेचा धक्का लागून गेला होता. पत्रिका जुळल्या, घराणी जुळली. वधूच्या पाटावर साडी आणि दागिने मांडायचे, आणि धाकट्या बहिणीने तिला नावाने तीनदा हाक मारून बोलवायचं, असा आमच्या घराचा रिवाज. धाकटी बहीण मी.

अक्का मेलेली नव्हती. आणि त्या घरात ते मला एकटीलाच माहीत आहे, अशी लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत माझी समजूत होती.

सोळा वर्षांपूर्वी ती घरातून गेली. दूमप्पामामांनी ठरवलेला मुलगा तिला नको होता. मामा म्हणजे अम्माचे थोरले भाऊ. घर त्यांच्या शब्दावर चालायचं. नवव्या दिवशी नदीत एका मुलीचं प्रेत सापडलं. ओळख पटवायला मामा मला घेऊन गेले, अम्माला नाही. शवागाराच्या दारातच ते थांबले आणि उपरण्याने नाक दाबून म्हणाले, "तू बघून ये, शशी. मला नाही बघवणार."

मी बघितलं. चेहऱ्यावरून काही कळण्यासारखं राहिलं नव्हतं, पण हाताची हाडं बदलत नाहीत. मनगटं बारीक होती. डाव्या हाताची करंगळी कधीतरी मोडून वाकडी जुळलेली होती. अक्काचे हात पुरुषासारखे रुंद, बोटं सरळ. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. मला दोन मिनिटंही लागली नाहीत.

बाहेर येऊन मी म्हणाले, "हो. अक्काच आहे."

मला कुणी धमकावलं नव्हतं. पळून गेलेल्या मुलीच्या धाकट्या बहिणीचं कॉलेज बंद होतं. बुडून मेलेल्या मुलीच्या बहिणीचं होत नाही. त्या दारातून बाहेर येताना मी एवढाच विचार केला. अक्कावर रागही होता. ती मला न सांगता गेली होती.

बाराव्याच्या दिवशी अंगणात एक बाई आली. अप्पी नाव. विड्या वळून बोटांची टोकं काळी पडलेली. तिची सुगंधीसुद्धा तेवढ्याच दिवसांपासून सापडत नव्हती.

"बाई, तुम्ही बघितलंत ना? डावी करंगळी वाकडी होती का हो? लहानपणी दारात चेमटली होती तिची."

आत अम्मा रडत होती. मी म्हणाले, "नाही."

"सरळ होती?"

"सरळ होती."

तिने दोन्ही हात जोडले. "म्हणजे आहे कुठेतरी माझी पोर. तुमचं भलं होवो, बाई."

चार वर्षांनी, मी शिकवायला लागले होते त्या कॉलेजच्या पत्त्यावर अक्काचं पत्र आलं. ती हुबळीला होती. नवरा होता, मुलगा होता. येऊ का, असं तिने विचारलं होतं. येऊ नकोस, इथे तू मेलेली आहेस, असं मी लिहिलं. अम्माला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता: मग आपण जाळलं कुणाला?

यंदा मामांचे हात थरथरायला लागले. ज्योतिषाला कधी न मानणारा माणूस आपणहून प्रश्न बघायला गेला आणि उत्तर घेऊन आला. घराने जाळलेली एक कुमारिका अडकून पडली आहे, लग्न मागते आहे. मुलगा त्यांनीच शोधला. साडीही त्यांनीच आणली आणि आदल्या दिवशी सकाळी चांदीच्या बांगड्याही.

अम्माने बांगडी हातात घेऊन फिरवली. "अण्णा, या कुणासाठी आणल्यास? दोन-चारच्या आहेत. माझ्या वारिजाला दोन-दहा लागायच्या, त्याही साबण लावून."

"दुकानात होत्या त्या घेतल्या."

"दुकानदाराला डोळे नव्हते, ठीक. तुला तरी होते ना? नवरी उद्या सासरी जाऊन काय सांगेल, माहेरच्यांनी बाहुलीच्या बांगड्या घातल्या म्हणून? जा, बदलून आण."

"राहू दे, कुसुमा. बसतील तिला."

ते हळू बोलले. ओळखीच्या माणसाविषयी बोलावं तसे. मी नारळ सोलत होते, माझा हात थांबला. ती मनगटं मी एकटीने बघितली होती. मामा दाराच्या आत आले नव्हते. आणि मी आजवर कुणापाशीही त्या मनगटांबद्दल बोलले नव्हते.

दुपारी मी वखारीत गेले. मामांचं विड्यांचं कंत्राट होतं. गावच्या बायका घरी वळलेल्या विड्या तिथे आणून द्यायच्या. मामा पानांचे गठ्ठे रचत होते.

"अप्पीची सुगंधी तुमच्याकडे विड्या आणून द्यायची, मामा?"

"पुष्कळ पोरी द्यायच्या."

"तिचे हात बारीक होते."

त्यांनी हातातला गठ्ठा खाली ठेवला. पाठ माझ्याकडेच होती. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"ती अक्का नव्हती, हे पहिल्या दिवसापासून. तुमचं आज कळलं."

त्यांनी गठ्ठ्याची दोरी पुन्हा आवळली. मग म्हणाले, "तिला लग्न हवं होतं. माझ्याशी. बायको असलेल्या, पन्नाशीला आलेल्या माणसाशी. होडीच्या धक्क्यावर हात धरून उभी राहिली. आत्ताच्या आत्ता घरी ने म्हणाली. मी हात सोडवून घेतला. तेवढंच."

"आणि मग?"

"नदीला पाणी चढलं होतं."

"तुम्हाला पोहता येतं, मामा."

त्यांनी पुढचा गठ्ठा उचलला. "आता लावून देतोय ना तिचं लग्न? चांगलं घर बघून देतोय. आणखी काय करू?"

"अक्काच्या नावाने?"

तेव्हा ते वळले. त्यांच्या चेहऱ्यावर मला भीती अपेक्षित होती. तिथे जवळीक होती.

"शशी, त्या दिवशी मी तुला काही पढवून पाठवलं होतं? एक शब्द तरी? तू नाही म्हणशील म्हणून मी दारात घामाने भिजलो होतो. तू आलीस आणि हो म्हणालीस. तेव्हाच मला कळलं, ही माझीच भाची. उद्या नीट हाक मार. वारिजा, तीनदा. तीही सुटेल, आपणही सुटू."

त्यांना मी खुनी म्हणू शकले असते. पण त्यांच्या त्या 'आपण'मध्ये मीही होते. मी घरी येऊन उरलेले नारळ सोलले.

रविवारी सकाळी नदीपलीकडून पंधरा माणसं आली. मुलाची आई गिरिजक्का, साठीची, खणखणीत आवाजाची. तिने यतीशचा सदरा पाटावर स्वतः मांडला, बाही सरळ केली, खिशात त्याचा कंगवा ठेवला आणि बायकांकडे वळून म्हणाली, "सून उलट उत्तर देणार नाही, मीठ जास्त घालणार नाही. सासूला आणखी काय हवं?"

बायका हसल्या. गिरिजक्काही हसली आणि तिने पदराने डोळे पुसले.

शेजारच्या पाटावर हिरवी साडी होती, वर बांगड्या. अम्माने मला पुढे ढकललं. "मार हाक. मुहूर्त निघून जाईल."

मी म्हणाले, "सुगंधी."

"काय बडबडतेस? वारिजा म्हण."

"सुगंधी, अप्पीची लेक. ये." माझा आवाज वर्गात शिकवताना असतो तसाच कोरडा होता, याची मला लाज वाटली. तिसरी हाक मारली आणि मग सगळं सांगितलं. शवागारातलं, अंगणातलं, वखारीतलं. मधे थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं.

मामा म्हणाले, "डोकं फिरलंय तिचं. मूलबाळ नाही ना, अशा बायकांचं होतं असं."

अम्माने त्यांच्याकडे बघितलंही नाही. "आणि माझी वारिजा?"

"हुबळीला आहे. मला बारा वर्षांपासून माहीत आहे."

अम्मा मारेल असं मला वाटलं होतं. तिने मारलं नाही. ती म्हणाली, "दर आटीला मी तिचं पान वाढत होते, तेव्हा तू माझ्या शेजारी बसून जेवत होतीस."

मग ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

गिरिजक्का पुढे आली. मामांसमोर उभी राहून तिने विचारलं, "तुम्ही या मुलीचे कोण?" मामा चपला शोधायला लागले. तिने दिरांना खूण केली. त्यांनी मामांना ओट्यावर बसवलं, दोघं दोन बाजूंना बसले, तिसऱ्याने ठाण्यात फोन लावला. तिने यतीशचा सदरा उचलून घडी घातली आणि काखेत धरला.

"मुलीच्या आईला विचारल्याशिवाय मुलगी घेत नाही आम्ही," ती मला म्हणाली. "माझा गेला तेव्हा मला तासाभरात कळलं. त्या बाईला सोळा वर्षांत कुणी सांगितलं नाही. घर माहीत आहे?"

"माहीत आहे."

"मग चल."

अप्पी दारातच बसली होती, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कातरलेली पानं. केस पूर्ण पांढरे. तिने मला लगेच ओळखलं. "बसा, बाई," म्हणाली आणि चटई सरकवली.

मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. सुगंधीला कुणी जाळलं, कुणी बुडू दिलं आणि मी अप्पीला काय खोटं सांगितलं होतं. या वेळी आवाज कोरडा राहिला नाही, पण त्याने काही बदललं नाही.

तिच्या हातातली विडी अर्धी वळलेली होती. तिने ती पुरी वळली, दोऱ्याने बांधली, सुपात ठेवली. मग सूप बाजूला सारलं आणि माझ्याकडे बघितलं.

"परत सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून. सावकाश."

मी पहिल्यापासून सुरुवात केली.