सासूबाईंचा उंट

अमेरिकेतल्या टूसॉनच्या वाळवंटात थंडी सांगून येत नाही. दुपारी पातळ सदऱ्यात फिरावं आणि पहाटे नळात बर्फ. गेल्या वर्षी सासूबाईंच्या दारातला पाण्याचा पाईप असाच गोठून फुटला. दारातून आत शिरून स्वयंपाकघरात घोटाभर पाणी. तेव्हाच माझ्या नवऱ्यानं, एफ्रेननं, बजावलं होतं, "आई, पुन्हा फुटला तर हे घर विकायचं आणि आमच्याकडे राहायचं."

सासूबाईंना आमच्याकडे राहायचं नव्हतं. मलाही त्या यायला नको होत्या, खोटं कशाला बोलू?

म्हणून यंदा जानेवारीतच त्यांनी पाईपला जुने टॉवेल गुंडाळले. लगेच वसाहतीच्या समितीचे पेंडलटन हजर. गाडीतून उतरायचेही कष्ट न घेता म्हणाले, "बाई, रस्त्यावरून चिंध्या दिसतात. समितीनं ठरवलेली पाईपची उबदार पिशवी घाला."

"दुकानात संपल्यात. आणि आज पाणी गोठणार आहे."

"नियम म्हणजे नियम."

"सणाची सजावट चालते ना?"

"सण असेपर्यंत चालते."

पाईप जमिनीतून गुडघाभर वर येतो आणि वाकून परत खाली जातो. सासूबाईंनी टॉवेलांवर दोन तपकिरी ब्लँकेटं चढवली, मोज्यात कापूस भरून मान केली, बटणांचे डोळे लावले. शेजारी गव्हाणीत बाळ येशू ठेवला. झाला नाताळच्या देखाव्यातला बसलेला उंट.

"नाताळ कधीच संपला," पेंडलटन चडफडले.

"तुमचा. आम्हा मेक्सिकन लोकांची गव्हाण दोन फेब्रुवारीपर्यंत, कांदेलारियाच्या सणापर्यंत असते."

त्या आठवड्यात तीनदा पाणी गोठलं. सासूबाईंचा नळ रोज सकाळी धो धो वाहिला.

तीन फेब्रुवारीला मी आणि एफ्रेन तिथं असताना पेंडलटन आले. या वेळी गाडीतून उतरले. "सण काल संपला."

"हो. बाळाला घरात नेलं."

"आणि हा उंट?"

"आज रात्री पुन्हा गोठणार आहे."

"मग दंड होईल."

"लावा. नोटीस पाठवा, वकील पाठवा. घर माझं आहे, मी इथंच राहणार. उंट उठणार नाही."

माझा ऊर भरून आला. आमच्या घरी ही बाई मला एक दिवस सुखानं जगू देणार नाही, पण त्या क्षणी तिच्या पाया पडावंसं वाटलं.

पेंडलटन एफ्रेनकडे वळले. "तुम्ही तरी समजवा आईला."

एफ्रेन पुढे झाला. मग त्यानं अंगातलं जाकीट काढलं, उंटाजवळ उकिडवा बसला आणि ते त्याच्या पोटाशी नीट खोचलं.

"खालून जरा उघडा राहिला होता," तो म्हणाला.