पाचव्या वस्तऱ्यावरचा डाग

उस्तादांनी पाचवा वस्तरा खिडकीतल्या उन्हात धरला आणि बायकोला हाक मारली. "हे बघ, परत आलाय."

"कोण?" तिने स्वयंपाकघरातूनच विचारलं.

"डाग."

"मला वाटलं पाहुणे," असं म्हणून ती पुन्हा कामाला लागली.

पितळी मुठीचे पाच वस्तरे मखमलीच्या पेटीत ओळीने झोपलेले असत. चार कालच्यासारखेच लखलखत होते. पाचव्याच्या मुठीवर मात्र अंगठ्याएवढा काळपट डाग उमटला होता. काल घासून काढला होता, परवाही काढला होता. तरी हा आपला घरजावयासारखा पुन्हा हजर.

उस्ताद हे नाव त्यांना गल्लीने दिलं होतं. घराची पुढची खोली म्हणजेच त्यांचं दुकान. गल्लीतली एकही हनुवटी अशी नव्हती की जिची खळी त्यांना पाठ नव्हती. मग त्यांचा उजवा हात थरथर कापायला लागला. आधी चहाच्या कपात, मग वस्तऱ्यात. एका गिऱ्हाइकाच्या कानाच्या पाळीला पातं लागलं. त्या बिचाऱ्याला कळलंही नाही, पण उस्तादांना कळलं, आणि त्या दिवशी त्यांनी वस्तरा जो खाली ठेवला तो ठेवलाच. मुलाने दुकान मोठ्या रस्त्यावर नेलं. तिथे गोल फिरणाऱ्या खुर्च्या आल्या, एकदा वापरून फेकायची पाती आली. पितळी वस्तरे आणि उस्ताद एकदमच निवृत्त झाले.

तेव्हापासून रोज सकाळी हे घासकाम चाले. लिंबाची फोड मिठात बुडवायची आणि फक्त मुठीवर फिरवायची. पात्याला थेंब लागला तर पोलाद काळं पडलंच म्हणून समजा. मग कोमट पाण्याचं फडकं, मग कोरडं फडकं. पात्याच्या खिळ्यापाशी ओल राहिली तर सकाळी तिथे हिरवं दिसतं, म्हणून परत कोरडं फडकं. शेवटी फलालीच्या तुकड्यावर मशीनच्या तेलाचा एक थेंब. एवढं केलं की पितळ पुष्कळ दिवस काळवंडत नाही, पण उस्तादांना तेवढा धीर कुठला. हात कापतो तर घासता कसे, असं कोणी विचारलं की बायको सांगे, "घासायला कंप चालतो. उलट मदतच होते."

चालत नव्हता तो स्वतःच्या दाढीला. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, गल्लीभर गुळगुळीत गाल वाटलेल्या माणसाच्या तोंडावर पांढरे खुंट वाढले होते. मुलाने दाढीचं मशीन आणून दिलं. उस्तादांनी त्याला गवत कापायचं यंत्र म्हणून खोक्यातच ठेवलं. मुलगा म्हणाला, "बाबा, मी करतो ना." पण ज्याचा हात धरून वस्तरा शिकवला, त्याच्यापुढे मान टाकायची त्यांची तयारी नव्हती. आणि अशा तोंडाने बाहेर पडायचीही नव्हती. ते घरात बसून राहिले.

समोरच्या घड्याळवाल्याचं त्यामुळे अवघड झालं. वर्षानुवर्षं दर रविवारी सकाळी तो उस्तादांच्या खुर्चीत बसला होता. येत्या रविवारी तो दुकान बंद करून लेकीकडे, दुसऱ्या गावी, कायमचा निघाला होता. भेटायला दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा उस्तादांनी आतून खूण केली आणि बायकोने ते झोपलेत म्हणून सांगितलं. "सकाळी अकराला?" घड्याळवाल्याने विचारलं होतं. "हल्ली लवकर लागते," असं ती म्हणाली होती, आणि नंतर दिवसभर नवऱ्याशी बोलली नव्हती.

उस्तादांना त्याचंही वाईट वाटत होतं. पण सध्या डागाने त्यांचं डोकं पोखरलं होतं.

आधी त्यांना ओलीचा संशय आला. पेटी खिडकीपासून हलवून कपाटावर ठेवली. डाग कपाटावर चढला. मग फडकं बदललं. मग लिंबूवाल्यावर संशय घेतला. पण त्याची मेली लिंबं चार वस्तऱ्यांना चालतात आणि पाचव्यालाच कशी चालत नाहीत, याचं उत्तर सापडेना.

मग शनिवारी सकाळी त्यांना आपले जुने कारागीर आठवले. दुकानात कारागीर ठेवले होते तेव्हा उस्ताद सकाळी आधी वस्तऱ्यांच्या मुठी बघत. हात घामेजला की पितळ काळवंडतं, आणि हात घामेजतो तो भीतीने. कोणाच्या मुठीवर डाग आहे, त्यावरून काल कोण घाबरला होता ते त्यांना न विचारता समजे. म्हणजे हा वस्तरा कोणीतरी हातात धरत होतं. धरत होतं आणि घाबरत होतं.

ते चष्मा चढवून नीट बघायला लागले. मुठीच्या एका बाजूला एक पान कोरलेलं होतं. उजव्या हातात वस्तरा घेतला की अंगठा बरोबर पानावर येतो. त्यांचा यायचा, मुलाचाही यायचा. डाग मात्र पलीकडच्या, कोऱ्या बाजूला होता.

उस्तादांनी वस्तरा डाव्या हातात घेऊन पाहिला. अंगठा थेट डागावर टेकला.

आणि मग त्यांना तो आवाजही आठवला. गेले काही दिवस दुपारी डोळा लागला की मागच्या बाजूला फट्ट करून काहीतरी फुटे. विचारलं की बायको म्हणे, "रस्त्यात कोणाचं टायर गेलं असेल." आपल्या गल्लीत इतकी टायरं कशी फुटतात, याचा त्यांनी विचारच केला नव्हता.

त्या दुपारी ते घोरत पडले. म्हणजे नुसतेच घोरले. पेटीची कडी वाजली, पावलं मागे गेली, तसे ते उठून न्हाणीच्या दारापाशी जाऊन उभे राहिले. बायको पाटावर बसली होती. मांडीत एक लाल फुगा, त्याच्यावर साबणाचा जाड फेस, आणि तिच्या डाव्या हातात पाचवा वस्तरा. जिभेचं टोक दातांत धरून ती फुग्याची दाढी करत होती. सगळे कारागीर त्यांनी फुग्यावरच तयार केले होते. मागच्या दारात भाजी चिरत बसलेल्या बायकोने ते सगळं पाहिलं असेल, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्यांना एकदम भरून आलं.

पातं फुग्याच्या बुडापर्यंत गेलं. फुगा फुटला नाही.

"कोन जरा उभा आहे," उस्ताद म्हणाले.

फुगा आत्ता फुटला. फेस तिच्या कपाळावर उडाला.

"दचकवलंत," ती म्हणाली. मग पदराने कपाळ पुसत, त्यांच्याकडे न बघता, "तुमच्यासाठी नाही काही. मला त्या माणसाशी खोटं बोलायचा कंटाळा आलाय."

उस्तादांनी टॉवेल घेतला, गळ्याभोवती गुंडाळला आणि स्टुलावर बसून मान मागे टाकली. अशी मान त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची पाहिली होती. स्वतःची इतकी उघडी असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिची बोटं गालाला लागली. ती थंड होती आणि ओली होती.

"कातडी ताणून—"

"गप्प बसा. पातं हनुवटीखाली असताना बोलायचं नाही, तुम्हीच सांगायचात सगळ्यांना."

ते गप्प बसले. हनुवटीवर एकदा चरचरलं तेव्हाही गप्पच बसले.

रविवारी सकाळी, ओढून लावलेल्या शटरसमोर घड्याळवाला उभा होता. सामान गाडीत चढलं होतं. उस्ताद रस्ता ओलांडून आले तसं त्याने सवयीने खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि त्यांचा गाल निरखला.

"कोणी केली?"

"नवा कारागीर ठेवलाय."

"हनुवटीवर कापलंय."

"शिकतोय अजून. घाबरतो."

घड्याळवाला हसला. मग त्याने भिंग काढलं, कारण त्यातून दिसेनासं झालं होतं. दोघं बराच वेळ एकमेकांचा हात धरून उभे होते, आणि कापणारा हात कोणाचा हे त्या वेळी सांगता आलं नसतं. मग गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद पेटी घेऊन खिडकीत बसले; रविवारी घासकाम राहूनच गेलं होतं. चार वस्तरे त्यांनी पटापट उरकले. पाचव्याच्या मुठीवर काळाकुट्ट डाग होता, आजवरचा सगळ्यात गडद. त्यांनी तो थोडा वेळ पाहिला आणि लिंबाची नवी फोड घेतली.

बायको चहा ठेवायला आली. "तो तरी राहू द्यायचा," ती म्हणाली.

"मग उद्याचा कसा दिसेल?" उस्ताद म्हणाले, आणि घासत राहिले.