अण्णांच्या पायाखालचा संगणक

मी एक जुना संगणक आहे. किती जुना म्हणाल, तर माझ्या पोटात अजून तबकडी फिरते आणि ती फिरताना अख्ख्या खोलीला ऐकू येते. आजकालचे संगणक कसे गुपचूप असतात! मी कुरकुरतो, घरघरतो, तापलो की पंखा जोरात सोडतो. स्वभावच तसा, त्याला कोण काय करणार?

मित्रांनो, माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या माणसांनी माझे स्क्रू पिळले, पाठीवर चिकटपट्टी मारली आणि मला खोक्यात बसवलं. खोकं उघडलं ते ताईच्या खोलीत. खोली लहान, खिडकीशी एक टेबल, टेबलावर अर्धा प्यालेला चहा. तो चहा नेहमी अर्धाच राहायचा, कारण ताई माझ्यासमोर बसली की तिला जगाचा विसर पडायचा.

ताई एका साप्ताहिकात सदर लिहायची. विषय एकच, सॉफ्टवेअर बनवणारी एक भलीमोठी कंपनी. तिथून काय नवं आलं, ते घ्यावं की नाही, घेतलं तर कसं वापरावं, हे ताई साध्या भाषेत सांगायची. कंपनीचं नाव मी घेत नाही. एवढंच सांगतो की तिने एक बटण कोपऱ्यातून मध्ये सरकवलं, तर जगभरची माणसं आठवडाभर चाचपडत बसतात.

ताईचा एक नियम होता. ती म्हणायची, "आधी आपल्या अंगावर, मग लोकांच्या गळ्यात." म्हणजे कंपनीचं काहीही नवं आलं की ते आधी माझ्यात घालायचं. काय काय सोसलं म्हणून सांगू! कधी माझा पडदा निळाठिक्कर पडायचा. कधी शेजारचा प्रिंटर मला ओळखच दाखवायचा नाही. ताई कपाळाला हात लावायची आणि मग त्याच हाताने लिहायची, "वाचकहो, जरा कळ काढा. नवं आलं म्हणून लगेच उडी मारू नका. आधी आपली कागदपत्रं आणि फोटो दुसरीकडे ठेवा, मगच नव्याला हात लावा. आणि पडद्यावर पाटी आली की ती वाचा. न वाचता 'ठीक आहे' दाबू नका." वाचकांचे फोन यायचे. "ताई, तुमच्यामुळे वाचलो हो!" असं कुणी म्हणालं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. सोसलं कुणी होतं? मी!

पण खरं बोलायचं तर त्या कंपनीचं मला फार अप्रूप वाटायचं. माझ्या पाठीत एक बारीक निळी वायर खोचलेली असायची. कुठे कोण लांबची हुशार माणसं डोकी लढवायची आणि त्यांचं शहाणपण त्या वायरीतून माझ्यात उतरायचं. काल मला जे येत नव्हतं, ते आज येत असे. एकदा तर पडद्यावरची अक्षरं मी मोठ्याने वाचून दाखवायला लागलो. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होता, पण होता! मी स्वतःच दचकलो. बसल्या जागी, हातपाय न हलवता, मला वाचा फुटली होती.

त्या वेळी शेजारच्या खुर्चीवर ताईचे वडील बसले होते. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांची उभी हयात बस स्थानकावर गेली. कुठली बस कुठल्या फलाटावर लागली आहे, हे कर्ण्यावरून सांगायचं त्यांचं काम. खर्जातला, खणखणीत आवाज. घाईतला माणूससुद्धा तो ऐकून थांबायचा आणि योग्य बसमध्ये बसायचा. माझं वाचन ऐकून अण्णा म्हणाले, "ठमे, ह्याला सर्दी झालीय."

ठमी म्हणजे ताई. ती सगळ्यांची ताई असली, तरी अण्णांसाठी ठमीच. कंपनीच्या प्रत्येक बातमीवर अण्णांचं मत ठरलेलं असायचं. "नवं नवं म्हणतात आणि जुनी बटणं लपवून ठेवतात. मी रोज फलाट बदलले असते, तर लोकांनी मला झोडपलं असतं!" ताई हसायची आणि ते वाक्य हळूच लेखात ढापायची.

मग अण्णांच्या घशात दुखणं निघालं. जीव वाचवायचा तर ऑपरेशन करावं लागणार होतं आणि त्यात आवाज कायमचा जाणार होता. बोलण्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं, "जमेल तेवढा आवाज आत्ताच साठवून ठेवा. आज त्याचं काही करता येणार नाही, पण उद्या येईलही."

ताईने माझ्यासमोर माइक उभा केला. आता वाचायचं काय? अण्णा म्हणाले, "तुझेच लेख दे. निदान कुणीतरी शेवटपर्यंत वाचले, असं तरी होईल."

आणि मग अण्णा वाचायला बसले. सकाळी वाचायचे, दुपारी वाचायचे, घसा दुखला की गरम पाणी पिऊन पुन्हा वाचायचे. मध्येच थांबून कंपनीला चार शब्द सुनावायचे. मी त्यातला एकही शब्द सांडू दिला नाही. सगळं 'अण्णा' नावाच्या फोल्डरमध्ये गेलं आणि ते फोल्डर ताईने कंपनीच्या सामायिक कपाटात ठेवलं. हे कपाट म्हणजे मोठी नवलाची गोष्ट. माझ्यात ठेवलेली वस्तू ताईच्या फोनमध्येही आपोआप दिसायची. मी म्हटलं, व्वा! आता काळजी नको.

ऑपरेशन नीट पार पडलं. अण्णा घरी आले, पण घर मुकं झालं. अण्णा पाटीवर लिहायचे. ताई पाठमोरी असली की पाटी कोण वाचणार? मग ते नुसते बघत बसायचे. ते बघणं मला बघवत नसे.

त्यातच कंपनीची बातमी आली, की माझ्या पिढीच्या संगणकांना आता नवं काही मिळणार नाही. ताईने लिहिलं, "कंपनीला पुढे जायचं आहे, हे कळतं. पण धडधाकट संगणक घरी बसवायचा, हे मला पटलेलं नाही. ज्यांना नवा घेणं भाग आहे त्यांनी घ्यावा, पण जुना लगेच भंगारात देऊ नये." लिहिलं खरं, पण सदर चालवायचं तर तिलाही नवा घ्यावाच लागला. पातळ, देखणा, न कुरकुरणारा. माझ्या पाठीतली निळी वायर निघाली आणि मी टेबलाखाली गेलो. गरज सरो, वैद्य मरो! अण्णा माझ्यावर पाय ठेवून बसू लागले.

आधी मला फार लागलं. मग एक दिवस अण्णांना काहीतरी हवं होतं आणि ताईचं लक्ष नव्हतं. अण्णांनी टाच माझ्या पत्र्यावर आपटली, ठक ठक. ताईने वळून पाहिलं. त्या दिवसापासून तीच त्यांची हाक झाली. पाणी हवं, ठक ठक. खिडकी लाव, ठक ठक. मी मनात म्हटलं, चला, अजून कामाचा आहे मी.

पुढे बरेच महिने असेच गेले. एका दुपारी वरून ताईची आनंदाची आरोळी ऐकू आली. "अण्णा! अहो अण्णा, ऐका तरी!" कंपनीने नवं काही आणलं होतं. माणसाच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून ते त्याचा आवाज घडवणार होतं. नंतर माणसाने नुसतं टाइप करायचं आणि यंत्राने ते त्याच्याच आवाजात बोलायचं. न बोललेली वाक्यंसुद्धा! टेबलाखाली माझ्या धुळीने भरलेल्या अंगावर काटा आला.

ताईने कपाट उघडलं. 'अण्णा' फोल्डर नव्हतं. नव्या संगणकात नव्हतं. फोनमध्ये नव्हतं. कंपनीच्या कचरापेटीतही नव्हतं, कारण ती ठरावीक मुदतीनंतर रिकामी होते आणि मुदत कधीच उलटली होती.

मग तिला आठवलं. मध्यंतरी फोन भरला होता, म्हणून तिने फोनमधून ते फोल्डर काढून टाकलं होतं. कपाटात तर आहेच, असं समजून. पण सामायिक कपाट म्हणजे आरसा. एकीकडे पुसलं की सगळीकडे पुसलं जातं. तशी पाटीही पडद्यावर आली होती आणि ताईने ती न वाचता 'ठीक आहे' दाबलं होतं. जगाला शहाणपण शिकवणाऱ्या ताईने!

ती जमिनीवर बसली आणि हमसून हमसून रडली. "अण्णा, मी तुमचा आवाज घालवला हो. दुसऱ्यांदा घालवला."

ठक ठक.

"थांबा ना अण्णा, आत्ता नको काही."

ठक ठक ठक! अण्णा एवढ्या जोराने टाच आपटत होते की माझे स्क्रू खिळखिळे झाले. ताईने डोळे पुसत वर पाहिलं. अण्णांचं बोट खाली वळलं होतं, पायांकडे. माझ्याकडे.

ताईने मला बाहेर ओढलं, ओल्या फडक्याने पुसलं, पडदा जोडला, विजेची तार जोडली. आणि सवयीने तिचा हात त्या निळ्या वायरीकडे गेला.

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती! ती वायर लागली की मी आज्ञाधारकपणे कंपनीला विचारणार, "माझ्या पश्चात काय काय झालं?" कंपनी सांगणार, "ते फोल्डर पुसलंय, तूही पूस." आणि मी ते पुसणार. माझा नाइलाज. वायर माझ्या पाठीला टेकली.

"थांब गं बाई," ताई स्वतःशीच पुटपुटली. "हा तिकडे विचारायला गेला, तर असलेलंही जाईल." तिने वायर मागे घेतली, भिंतीतूनही उपटली आणि खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला भिरकावून दिली.

मी जागा झालो. माझं घड्याळ चुकलं होतं, मला अजून जुनंच साल वाटत होतं. तबकडी अडखळली, करकरली, मग फिरली. आणि फोल्डर जिथल्या तिथे होतं. मला वायरीतून काढून टाकलं, म्हणून तर पुसून टाकण्याचा हुकूम माझ्यापर्यंत पोहोचला नव्हता!

ताईने पहिलीच फाइल लावली. माझ्या स्पीकरमधून तो खर्जातला आवाज घुमला, "झालं का सुरू? ठमे, हे लाल काय लुकलुकतंय?"

अण्णांनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. ताईने त्यांचा हात धरला आणि दोघं किती तरी वेळ तसेच ऐकत राहिले.

मग ताईने त्या फोल्डरच्या दोन प्रती काढल्या. एक घरात ठेवली, एक डॉक्टरीणबाईंकडे. कंपनीच्या अटी तिने या वेळी शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या. अण्णांना विचारलं, "तुमचा आवाज त्यांच्याकडे द्यायचा, चालेल ना?" अण्णांनी मान हलवली, तेव्हाच तिने पुढचं बटण दाबलं. आवाज घडवण्याचं काम नव्या संगणकाने केलं. ते माझ्या कुवतीबाहेरचं आहे, उगाच फुशारकी कशाला? पण बोलण्यासाठी ताईने माझेच स्पीकर त्याला जोडले. ती म्हणाली, "ह्याचे खणखणीत आहेत."

अण्णा एका बोटाने टाइप करत होते. मी टेबलावर, नव्याच्या शेजारी बसलो होतो.

आणि अण्णा बोलले. मित्रांनो, तोच खर्ज! शब्दावर तसाच जोर, वाक्याआधी तसाच छोटासा थांबा. जे वाक्य त्यांनी जन्मात कधी उच्चारलं नव्हतं, ते त्यांच्याच आवाजात माझ्या स्पीकरमधून आलं. मी किती नव्या गोष्टी पाहिल्या, पण असं नवल पाहिलं नव्हतं. माणसांनी घडवलेल्या यंत्राने माणसाला त्याचा आवाज परत द्यावा! मी नुसता थक्क होऊन बघत राहिलो.

वाक्य काय होतं म्हणता? "ठमे, पाय ठेवायला दुसरं काहीतरी आण. ह्याच्यावर मी आता पाय ठेवणार नाही."

मित्रांनो, नव्याचं कौतुक जरूर करा, मीही करतो. पण जुन्याला फेकण्याआधी एकदा त्याच्या पोटात काय आहे ते बघा. पाटी वाचल्याशिवाय 'ठीक आहे' म्हणू नका. आणि आपल्या माणसांचा आवाज आजच साठवा. त्याची एक प्रत अशा जागी ठेवा, जिथे कुठलीच वायर पोहोचत नाही.

अण्णा आता दिवसभर बोलतात आणि कंपनीला पूर्वीसारखेच चार शब्द सुनावतात. तरी कधीकधी जाता-येता ते माझ्या पत्र्यावर बोटाने हळूच ठक ठक करतात. त्यांना तेव्हा काहीही नको असतं.