बायजाबाई उभ्याच

विश्रामने बायकोची माफी मागितली आणि प्रमोदिनीने त्याला माफ केलं. असं काहीही झालेलं नाही, पुढे वाचावं.

रिक्षा कल्याणच्या सिग्नलला थांबली. समोर चौकात बायजाबाई सुईणीचा ब्राँझचा पुतळा, उजवा हात वर. गुडघ्यांच्या डॉक्टरकडून परतणारी प्रमोदिनी मागच्या सीटवर पाय लांब करून बसली होती. त्यामुळे पुतळा घडवणारा विश्राम रिक्षावाल्याशेजारी अर्धा बाहेर लटकत होता.

"काकी, सेम टू सेम तुम्ही!" रिक्षावाला म्हणाला.

"मीच आहे."

त्याने आधी पुतळ्याला, मग मागे वळून तिला नमस्कार केला.

बायजाबाईंचा फोटो कुणाकडेच नव्हता. म्हणून पुतळा घडवताना विठ्ठलवाडीच्या शेडमध्ये विश्रामने बायकोलाच नऊवारी नेसायला लावून स्टुलावर उभं केलं होतं. पुतळा समितीच्या साईनाथभाऊंना दर भेटीत नवं काही सुचायचं. आधी हातात कंदील, मग आशीर्वाद, मग विकासाकडे बोट. सुईणीने विकासाकडे बोट का दाखवावं, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. हात बदलला की पदराच्या चुण्या बदलायच्या, आणि चुण्या बदलल्या की प्रमोदिनी पुन्हा स्टुलावर.

"अहो, बसलेली करा ना. सुईण बसूनच काम करते."

"समितीला उभीच हवी. बसलेला पुतळा निवडणूक हरल्यासारखा दिसतो म्हणे. थांब जरा, माती सुकेल."

माती सुकू नये म्हणून रोज संध्याकाळी तिला ओलं फडकं गुंडाळायला तो कधी विसरला नाही. बायकोचे गुडघे शेकायचे तेवढे राहून गेले. पुतळ्याला तर नऊवारीच्या आत गुडघे नव्हतेच. नुसतं पोकळ ब्राँझ.

"दुखतंय का गं?" विश्रामने समोर बघतच विचारलं.

"मला काय विचारता? मी बसलेय. तिला विचारा."

सिग्नल सुटला.

दुसऱ्या दिवशी तो महापालिकेत गेला.

"पुतळ्याची विटंबना झालीय का काका?" क्लार्कने घाबरून विचारलं.

"नाही."

"मग तक्रार काय?"

"दमल्यात."

क्लार्कने त्याच्यापुढे कोरा कागद सरकवला. "लेखी द्या," तो म्हणाला.

विश्रामने तिथेच उभ्याने लिहिलं:

"महोदय, चौकातील बायजाबाई माझ्या हातून उभ्या राहिल्या. त्यांचे गुडघे दुखत होते व ते मला माहीत होते. तरी रहदारीस अडथळा न होता त्यांना बसण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती. पाट मी घरून आणीन."