थंड करून मिळेल

कंपन्यांची माणसं नेहमी भर दुपारी बाराला येतात, कारण बारांकिया या बंदराच्या शहरातल्या त्या उन्हात कुणाच्या अंगात भांडायची ताकद उरत नाही, असं निन्या एव्हेचं मत होतं. ती स्वतः मात्र बाराला उत्तम भांडायची. गिऱ्हाईक कमी असतं, वेळ मोकळा असतो.

निन्या म्हणजे पोरगी. एव्हेर्लिदेस चार्रिस एकसष्ट वर्षांची होती, गुडघ्यांनी विचाराल तर सत्तरीची. पण त्या किनाऱ्यावर वयस्क बाईला मानानं पोरगीच म्हणतात. तिच्या कोपऱ्यावरच्या दुकानाचं नाव ‘ला पोर्फियादा’, म्हणजे हट्टी बाई. ते नवऱ्यानं एका भांडणाच्या दिवशी रंगवून घेतलं होतं. नवरा गेला, पाटी राहिली.

दुकानात सगळं सुटं मिळे. एक अंडं, अर्धा कांदा, कपभर तेल, डोकेदुखीची एकच गोळी. जानेवारीत समोर ‘सुमाफासिल’ नावाचं मोठ्या कंपनीचं दुकान उघडलं आणि सुट्याची किंमत लोकांना कळली. सुमाफासिलमध्ये सगळं बंद पाकिटात, खोक्यातूनच उचलायचं, सगळं स्वस्त. फक्त पंखा नाही, खुर्ची नाही, ‘आई कशी आहे’ म्हणून विचारणारं कुणी नाही. आणि थंड काही नाही. तीन लिटरचा कोला त्यांच्याच छापाचा, अर्ध्या किमतीत, पण चहासारखा कोमट.

गल्लीनं यावर तोड काढली. कोला समोरून घ्यायचा आणि रस्ता ओलांडून निन्या एव्हेच्या फ्रिजमध्ये ठेवायचा.

“निन्या एव्हे, एवढी बाटली जरा आत सरकव ना,” नखं रंगवणारी युरानिस म्हणायची. “जेवायच्या वेळी नेते.”

“समोरून आणलीस?”

“तुझ्याकडून घेतली असती गं, पण घरात पाच तोंडं.”

“आणि थंडी माझ्याकडून. म्हणजे लग्न त्याच्याशी आणि धुणं माझ्याकडे.”

युरानिस दात काढून हसायची. निन्या एव्हे बाटलीच्या मानेला रबरबँड लावून ती आत ठेवायची. युरानिसचा लाल, शिंप्याचा पिवळा, पाद्रीबाबांचा पांढरा. नाही म्हणणं तिला सुचलंच नव्हतं. शेजाऱ्याची बाटली बाहेर उन्हात ठेवायची म्हणजे काय, शेजारी उन्हात उभा करायचा?

फ्रिज मात्र तिचा नव्हता. तो मारिपोला शीतपेयाच्या कंपनीचा. अकरा वर्षांपूर्वी कंपनीनं तो ‘फुकट’ दिला होता, दारावर हे भलंमोठं फुलपाखरू रंगवून. अट एकच: आत मारिपोलाशिवाय दुसरं काही दिसता कामा नये.

मार्चच्या एका बुधवारी, अर्थातच बाराला, कंपनीचा निरीक्षक फाबियान उमान्या आला. थंड राजधानीचा, बोगोताचा माणूस, लांब बाह्यांचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्यानं फ्रिज उघडला. थंड हवेत क्षणभर डोळे मिटले. मग उघडले.

“सेन्योरा, यात मारिपोला कुठंय?”

“खाली. डावीकडे. पाद्रीबाबांच्या मागं.”

“एकोणीस बाटल्या दुसऱ्यांच्या आहेत!”

“सतरा. त्या दोनांत आमटीची हाडं आहेत.”

उमान्यानं टॅब्लेटवर फोटो काढले. मग आवाज खाली आणला. माणूस वाईट नव्हता, पगारी होता. “हे बघा, हे वर पाठवलं तर शुक्रवारी गाडी येऊन फ्रिज नेईल. रविवारी तुमच्या ज्युनिअर क्लबची फुटबॉल मॅच आहे. थंड पेयांशिवाय तुमचं दुकान किती दिवस चालेल, तुम्हीच सांगा. इथं सही करा. बाहेरची बाटली आत घेणार नाही, एवढंच. मी फोटो पुसतो.”

युरानिस तेवढ्यात आपली बाटली न्यायला आली होती. ती दारातच थबकली. खुर्चीवर पेपरानं वारा घेणारा शिंपीही थांबला.

“आणि कुणी आणली तर मी काय म्हणायचं?” निन्या एव्हेनं विचारलं.

“म्हणायचं, कंपनीचा नियम आहे.”

“माझ्या दुकानात?”

“फ्रिज कंपनीचा आहे, सेन्योरा.”

निन्या एव्हेनं कागद घेतला, चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आणि त्यात पावशेर चीज बांधून युरानिसच्या हातात दिलं.

“गाडी शुक्रवारी सकाळी पाठवा,” ती म्हणाली. “दुपारी मला झोप येते.”

आता खरं सांगायचं तर हे काही हिशोब करून बोललेलं नव्हतं. गुरुवारी रात्रभर तिला झोप लागली नाही. बारांकियात फ्रिज नसलेलं दुकान म्हणजे दाराला लावलेलं कुलूप. शुक्रवारी चार हमालांनी ते फुलपाखरू उचलून नेलं. जमिनीवर चौकोनी काळा डाग राहिला. सुमाफासिलचा मॅनेजर समोरच्या दारात उभा राहून बघत होता. निन्या एव्हेनं त्याच्याकडं बघून हात हलवला, जणू पाहुण्यांना निरोप देत होती.

“आता गं?” युरानिसनं विचारलं. अपराध्यासारखी चीजचा तुकडा परत घेऊन आली होती.

“आता मागच्या अंगणात चल. कोंबड्या हाकायच्यात.”

अंगणात नवऱ्याची मासळीची पेटी होती. लाकडी, आतून जस्ताचा पत्रा, माणूस आडवा मावेल एवढी. सहा वर्षं तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. दोघींनी ती मीठ आणि लिंबानं तीनदा घासली. मग निन्या एव्हेनं मासळी बाजारातल्या मेलितोनला निरोप धाडला. मेलितोन तीनचाकीवर बर्फाच्या लाद्या वाहायचा.

“लादीचे बारा हजार पेसो,” मेलितोन म्हणाला.

“माझ्या नवऱ्याला नऊला द्यायचास.”

“तुझा नवरा मेला, निन्या. महागाई जिवंत आहे.”

“आठवड्याला तीन घेईन. आणि बर्फावर घालायचा भुसा फुकट.”

भुसा फुकट मिळाला. रविवारी सकाळी पेटी दाराशी आली, आणि वर पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: ‘कुठलीही बाटली थंड करून मिळेल. दुकानातून काही घेतल्यास फुकट. न घेतल्यास दोनशे.’

“माझ्याकडूनसुद्धा?” युरानिस किंचाळली.

“एक अंडं घे. मग फुकट.”

“हा तर डाका आहे!”

“डाका समोर आहे, ताई. हे दुकान आहे.”

युरानिसनं अंडं घेतलं. शिंप्यानं दोन सिगारेटी घेतल्या. पाद्रीबाबांनी मोठ्या मनानं दोनशेचं नाणं टाकलं आणि नंतर विचार करून मेणबत्ती घेतली. मॅचच्या वेळेपर्यंत पेटीत मुंगी शिरायला जागा नव्हती. बर्फातून निघालेली बाटली फ्रिजातल्यापेक्षा थंड असते, हे गल्लीला अकरा वर्षांनी पुन्हा कळलं. मारिपोला मात्र तिनं परत मागवलाच नाही. त्या जागी ती कोरोसो फळाचा घरचा आंबटगोड लाल रस ठेवू लागली. ज्युनिअर हरलं, रस संपला.

मग महिन्याचं लाइटबिल आलं.

निन्या एव्हेनं ते एकदा वाचलं, मग जुनं बिल काढून शेजारी ठेवलं. दोन लाख दहा हजार पेसोंनी कमी. तिनं बोटांवर मोजलं: बर्फाच्या बारा लाद्या, एक लाख चव्वेचाळीस हजार. बर्फ आणून वर सहासष्ट हजार हातात उरत होते. ती काउंटरवर हात टेकून बसली. अकरा वर्षं ती त्या ‘फुकट’ फुलपाखराला दर महिन्याला पोसत होती, वर अकरा वर्षं ‘कंपनीचे उपकार’ म्हणत होती. नवऱ्यानं पाटीवर हट्टीऐवजी खुळी लिहिलं असतं तरी चाललं असतं, असं तिला वाटलं. पण ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

दोन दिवसांनी उमान्या आला. बाराला. मागं ट्रक, ट्रकवर पहिल्याच्या दीडपट मोठा नवा फ्रिज.

“सेन्योरा, अट काढून टाकली आहे,” त्यानं घाम पुसत सांगितलं. “वाटेल ते ठेवा. फक्त मारिपोला पुन्हा सुरू करा.”

“का बरं एवढी माया?”

उमान्यानं समोर पाहिलं. सुमाफासिलच्या दारात त्यांच्या स्वतःच्या कोल्याचे डोंगर रचलेले होते. मारिपोलाची एक बाटली नव्हती. “ते आमचा माल ठेवत नाहीत. या गल्लीत… तुमच्याशिवाय कुठंच नाही.”

“अस्सं,” निन्या एव्हे म्हणाली. “म्हणजे उपकार कोण कुणावर करत होतं?”

तिनं दोन्ही लाइटबिलं काउंटरवरून त्याच्याकडं सरकवली. “हा फरक बघा. फ्रिज ठेवायचा तर लाइट तुमची, आणि माझ्या कोपऱ्यावर तुमचं फुलपाखरू मिरवायचं भाडं वेगळं. महिना सुरू व्हायच्या आधी.”

“असं कुठेच नसतं, सेन्योरा!”

“मग समोर विचारून बघा. कदाचित ते फुकट ठेवतील.”

शिंपी पेपरामागं खोकला. उमान्या बाहेर उन्हात जाऊन बराच वेळ फोनवर बोलला. परत आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. “वर विचारावं लागेल. आठवडा तरी जाईल.”

“विचारा की. मला घाई नाही, बर्फ वेळेवर येतो.” तिनं पेटीतून कोरोसोच्या रसाची बाटली काढली, पुसली, त्याच्यासमोर ठेवली. त्यानं घटाघटा संपवली आणि खिशात हात घातला.

“पंधराशे,” ती म्हणाली. “ओळखीचे आहात म्हणून फुकट देणार नाही. फुकट केवढ्याला पडतं, ते मला आता कळलंय.”

ट्रक फ्रिजसकट परत फिरला. युरानिस तो वाट देईपर्यंत थांबली, मग समोरून कोमट कोला घेऊन आली आणि तो तिनं काउंटरवर आपटला.

“एक अंडं दे,” ती म्हणाली. “पण घरी बावीस अंडी साठलीत, निन्या. आज अंड्याऐवजी केळं घेतलं तर चालेल का?”